निजामाच्या राज्यातला निर्वासित

गोव्याच्या इतिहासात महमूद गावान एका ओळीपुरता येतो. बहामनी राज्याचा हा वजीर, त्याने १४७२ साली विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला, एवढे आपण वाचतो आणि पुढे आदिलशहा, मग आल्बुकर्क असे सरकतो. हा गावान मूळचा इराणातल्या गीलानचा. तिथल्या दरबारी राजकारणात जीवाला धोका निर्माण झाला म्हणून त्याने घर सोडले, व्यापार करत भटकला आणि १४५३ च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरून बिदरला पोचला. आजच्या भाषेत बोलायचे तर तो निर्वासितच. बिदरने त्याला ठेवून घेतले, वजीर केले, आणि १४८१ मध्ये एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून त्याचा शिरच्छेदही केला. दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, असे दोन तट त्या दरबारात होते. गावान त्या भांडणाचा बळी. त्याने बांधलेला मदरसा बिदरच्या जुन्या गावात अजून उभा आहे, अर्धा पडलेला, निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे अंगावर वागवत.

गुलबर्गा आणि बिदर या दोन्ही बहामनी राजधान्या. पुढे हे राज्य फुटले आणि त्यातून निघालेल्या विजापूरच्या आदिलशाहीकडे आपला अंत्रूज महाल होता. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली जुवारी ओलांडून प्रियोळला आला तो याच आदिलशाही मुलखात. आपल्या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या हद्दीत, हे आपण सहसा मोठ्याने म्हणत नाही. सुलतान फार उदार होता म्हणून असे घडले, असेही म्हणायचे कारण नाही. पोर्तुगीज त्याचे शत्रू होते, एवढे पुरेसे होते. आसरा देणाऱ्याचे स्वतःचे काही गणित असते, आणि आसरा घेणाऱ्याला ते गणित विचारायची सोय नसते.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे याच दख्खनमध्ये, विसाव्या शतकात आलेला एक निर्वासित. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि त्यानंतर बॅरन उमर रॉल्फ फॉन एहरनफेल्स नावाचा एक सदतीस वर्षांचा गृहस्थ देश सोडून पळाला तो हैदराबादला येऊन थांबला. पुढे तो मद्रास विद्यापीठात मानववंशशास्त्राचा विभागप्रमुख झाला. मराठीत त्याच्याविषयी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

एहरनफेल्सचा जन्म १९०१ सालचा, प्रागचा. वडील क्रिस्तियान फॉन एहरनफेल्स तिथल्या जर्मन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मानसशास्त्रात ज्याला 'गेस्टाल्ट' म्हणतात त्या विचाराची सुरुवात त्यांच्या १८९० च्या निबंधापासून धरतात. सुरावट म्हणजे नुसती सुरांची बेरीज नसते, पट्टी बदलली तरी चाल ओळखू येते, असा त्यांचा साधा पण खोल मुद्दा होता. (भजनात पेटीवाला ऐनवेळी पट्टी बदलतो तेव्हा आपण सगळे गेस्टाल्टवादी होतो.) घराण्याचा वाडा ऑस्ट्रियात, लिख्टेनाउ नावाच्या गावात. म्हणजे मुलगा खानदानी, पैसाअडका असलेला आणि डोक्याने जरा स्वतंत्र. तरुणपणी तो बाल्कन देशांत आणि तुर्कस्थानात हिंडला, ख्रिस्ती असूनही मशिदींत नमाजाला उभा राहिला आणि १९२७ साली त्याने इस्लाम स्वीकारला. उमर हे नाव तेव्हाचे. १९३२-३३ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. इथे हिंडताना त्याचे लक्ष इमारती, राजेरजवाडे यांपेक्षा घरातल्या बायकांच्या जागेकडे गेले. परत जाऊन त्याने व्हिएन्ना विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकायला घेतले आणि १९३७ साली भारतातल्या मातृसत्तेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली.

त्याच्या पहिल्या बायकोची, एल्फ्रीडेची, एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. 'अली आणि नीनो' ही बाकूच्या पार्श्वभूमीवरची प्रेमकथा १९३७ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाली. लेखकाचे नाव कुर्बान सैद. जर्मन ग्रंथसूचीत या टोपणनावापुढे नोंद आहे ती एल्फ्रीडे एहरनफेल्स हिची. पुस्तक खरे लिहिले कोणी यावर पुढे पुष्कळ वाद झाला. लेव्ह नुसिंबाउम नावाच्या, बाकूत वाढलेल्या आणि यहुदी असून मुसलमान झालेल्या लेखकाकडे बरेच अभ्यासक बोट दाखवतात. नाझींच्या राज्यात यहुदी माणसाला स्वतःच्या नावाने जर्मन पुस्तक छापणे अशक्य झाले होते, तेव्हा करार बॅरोनेसच्या नावाने झाला असावा, असा त्यांचा तर्क. माणूस पळतो तसे नावही पळते, दुसऱ्याच्या घरात लपते. नुसिंबाउम १९४२ मध्ये इटलीत वारला आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही.

तर १९३८. व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्र विभागाची त्या वर्षी पार वाताहत झाली. तिथले आधारस्तंभ म्हणजे पाद्री विल्हेल्म श्मिट. त्यांना स्वित्झर्लंड गाठावे लागले. एहरनफेल्सचे गुरू विल्हेल्म कोप्पर्स यांची नोकरी गेली आणि ते मध्य भारतातल्या भिल्लांचा अभ्यास करायला इकडे आले. एहरनफेल्स उघडपणे नाझींच्या विरोधात होता. त्याला राहणे शक्यच नव्हते. वाड्यावर जप्ती आली. हैदराबादेत तेव्हा सदर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान, होते सर अकबर हैदरी. मूळचे मुंबईचे, सुलेमानी बोहरी घराण्यातले. संस्थानात मुलकी आणि गैरमुलकी हा वाद तेव्हाही पेटलेला असायचा आणि त्या हिशेबाने हैदरी स्वतःच गैरमुलकी. बहामनी काळातले दख्खनी-आफाकी प्रकरण नाव बदलून चालूच होते म्हणा ना. हैदरींच्या पुढाकाराने एहरनफेल्सला हैदराबादेत थारा मिळाला. तो मुसलमान होता ही गोष्ट इथे उपयोगी पडली हे उघड आहे. त्याचा प्रबंध 'मदर-राइट इन इंडिया' या नावाने १९४१ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथमालेत निघाला.

आता याच वर्षात, याच विद्यापीठात आणखी काय चालले होते ते पाहा. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. सरकारने मनाई केली, मुलांनी ऐकले नाही. औरंगाबाद, गुलबर्ग्यापर्यंत लोण गेले. शेकडो मुलांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. म्हणजे व्हिएन्नाहून आलेल्या एका पाहुण्या विद्वानासाठी जे दार उघडले, त्याच दारातून त्याच सुमारास स्वतःची लेकरे बाहेर काढली गेली. मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्ग्यात निजामी आठवणाऱ्या घरांमध्ये यातली दुसरी बाजू पक्की ठाऊक असते. पहिली बाजू हैदराबादच्या अदबीच्या, तहजीबच्या गोष्टींत ऐकू येते. दोन्ही खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

पुस्तकाविषयी थोडे. हिंदुस्थानभर विखुरलेल्या जातीजमातींच्या चालीरीतींतून मातृसत्तेच्या खुणा गोळा करायच्या, असा एहरनफेल्सचा उद्योग. नायर, खासी, गारो ही ठळक उदाहरणे आपल्यालाही माहीत असतात. पण वंश आईकडून मोजणे, जावयाने सासरी राहणे, वारसा भाच्याला जाणे, देवीचे प्राधान्य अशा एकेका चिन्हाचा माग काढत तो पार सिंधू संस्कृतीच्या मातृकामूर्तींपर्यंत जातो. आर्यांच्या आधी या देशात आईचा अधिकार मानणारी एक मोठी संस्कृती होती, असा त्याचा निष्कर्ष. व्हिएन्नाच्या पंथात अशी संस्कृतींची वर्तुळे आखायची पद्धतच होती. आज हा निष्कर्ष जसाच्या तसा कोणी मानत नाही. वेगवेगळ्या काळांतल्या आणि ठिकाणच्या चाली एकत्र जुळवल्या की त्यांतून एक प्राचीन राज्य उभे राहते, पण ते कागदावर. तरीही गोळा केलेला ऐवज मोठा होता. देवीप्रसाद चट्टोपाध्यायांनी १९५९ च्या 'लोकायत' मध्ये त्याचा आधार घेतला. मराठीत स्त्रीसत्तेचा विचार शरद पाटलांनी फार वेगळ्या वाटेने आणि फार ताकदीने मांडला, तो वाचताना या जुन्या पुस्तकाची आठवण येतेच.

गोव्याच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. कारवारच्या खाली थोडे गेले की तुळुनाडूत 'अळियसंतान', म्हणजे मामाकडून भाच्याला वारसा. आपल्याकडे सातेरी वारुळाच्या रूपात गावोगावी बसलेली. पण माझ्या मते एहरनफेल्सची खरी परीक्षा आपल्या कलावंतांच्या घरांत झाली असती. तिथे घर आईचे, नाव आईचे किंवा गावाचे, गाणे आईकडून मुलीकडे. कागदावर तपासले तर मातृवंशाची सगळी लक्षणे हजर. आणि त्या घरातल्या मुलाला काय वाटत होते? राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला नाव दिले 'मी कोण?'. पुस्तक १९६९ चे. बापाचे नाव लावता येत नाही म्हणून जन्मभर जी बोच सहन करावी लागते, ती त्या दोन शब्दांत आहे. बिदर-गुलबर्ग्याकडे यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणींचेही तेच. वंश आईकडून मोजला म्हणजे बाईच्या हाती सत्ता आली असे होत नाही. कधी कधी त्याचा अर्थ इतकाच असतो की बापाने हात झटकले. एहरनफेल्स या बाजूला फार रेंगाळला नाही. वाडा, जमीन, देश सारे हातचे गेलेल्या माणसाला कुठेतरी एक मायाळू, न लढणारी आदिसंस्कृती असावी असे वाटले असेल तर ते समजू शकते. हा माझा अंदाज, त्याच्या पुस्तकात असे काही लिहिलेले नाही.

महायुद्ध सुरू झाल्यावर एक विचित्र प्रकार झाला. जो नाझींपासून पळून आला होता त्यालाच इंग्रजांनी 'शत्रुदेशीय' म्हणून स्थानबद्ध केले. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालेला, सबब ऑस्ट्रियन म्हणजे जर्मन, आणि जर्मन म्हणजे शत्रू. सरकारी कागदावर माणसाचा रकाना एकदा ठरला की तो बदलायला किती खेटे घालावे लागतात, हे माझ्यासारख्या कारकुनाला कोणी शिकवायला नको. देहरादूनला अशा लोकांची मोठी छावणी होती. आपल्या पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यातही होत्या, आणि त्यांत नाझींचे समर्थक आणि नाझींनी हाकललेले असे दोन्ही प्रकारचे लोक एका कुंपणात येऊन पडत. एहरनफेल्सची युद्धाची वर्षे अशा स्थानबद्धतेत गेली.

व्हिएन्नाच्याच विभागातला दुसरा एक विद्वान मात्र हैदराबादेत मोकळा राहिला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. तो निर्वासित नव्हता. नागांवर काम केलेला नावाजलेला अभ्यासक, १९३९ मध्ये इंग्रज पत्नीसह परत आला आणि युद्धामुळे अडकला. ओळखीपाळखी कामी आल्या आणि त्याला निजामाच्या हद्दीत राहून काम करायची मुभा मिळाली. एकाच शहराचे, एकाच विद्येचे दोघे. एक तुरुंगासारख्या छावणीत आणि दुसरा आदिलाबादच्या गोंडांत. त्याने १९४० नंतर तिथे जे केले ते निव्वळ अभ्यासापुरते राहिले नाही. मारलवाई गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, नागरी लिपीत गोंडीची पुस्तके तयार झाली, आणि सावकारांनी, बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी गिळलेल्या जमिनींच्या बदल्यात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन आदिवासींच्या नावे पट्ट्याने लागली. हे बाहेरून आलेले शेतकरी पुष्कळसे मराठीच होते, हेही सांगून टाकावे.

याच प्रदेशात नंतर एका मराठी अधिकाऱ्याने जीव ओतून काम केले. सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवचरित्रकार, फारसीचे जाणकार, इक्बाल-गालिब मराठीत आणणारे म्हणून ओळखतो. जन्म १९१० चा, निलंग्याचा, आणि निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. निजामाच्या मुलकी सेवेतला हा माणूस गोंडी शिकला, कोलामी शिकला आणि दोन्ही भाषांची व्याकरणे लिहून मोकळा झाला. कोलामीचे १९५० मध्ये, गोंडीचे १९५४ मध्ये. सरकारी नोकरी करून काही करता येत नाही असे आमच्या कचेरीत दुपारच्या चहाला जे ठरते, त्याला पगडी हे उत्तर आहे.

युद्ध संपले, एहरनफेल्स सुटला. पण तोवर त्याला थारा देणारे राज्यच बदलू लागले होते. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेडकडे जे केले त्याने हजारो कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे इंग्रजी राजवटीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या मुलखात पळाली. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये सुमारे दोनशे माणसे मारली गेली. सप्टेंबरात भारतीय फौज आली, पाच दिवसांत संस्थान पडले. आणि मग वारा फिरला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हिंडून जो अहवाल दिला, त्यात सर्वांत जास्त पोळलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हीच नावे आहेत. या चार जिल्ह्यांत मिळून किमान अठरा हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज. या वेळी मरणारे मुसलमान होते. जी गावे आधी सोलापूरकडे पळाली होती, त्यांच्या शेजारची घरे आता हैदराबाद शहराकडे पळाली. हा अहवाल कित्येक वर्षे बासनात राहिला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत गोरटा येते, अहवाल येत नाही. अहवालावर लिहिणाऱ्यांच्या लेखांत पुष्कळदा गोरटा येत नाही.

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत बिदर जिल्हा फुटला. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूरला गेले. पगडींचे गाव एकीकडे आणि जिल्ह्याचे जुने ठाणे दुसरीकडे.

एहरनफेल्स या सगळ्यापासून दक्षिणेला सरकला होता. कोचीनच्या डोंगरात राहणाऱ्या कादर या जंगलातल्या जमातीवर त्याने काम केले. 'कादर ऑफ कोचीन' हे पुस्तक १९५२ चे. कंदमुळे आणि मध गोळा करून जगणारे हे लोक, जंगल तोडणारे ठेकेदार आल्यावर त्यांची जी दैना झाली ती त्याने नोंदवली. मला त्याच्या पहिल्या पुस्तकापेक्षा हे काम मोलाचे वाटते. इथे सिद्धांत मागे पडतो आणि समोरची माणसे दिसू लागतात. १९४९ ते १९६१ अशी बारा वर्षे तो मद्रास विद्यापीठात विभागप्रमुख होता. आपल्याकडे याच काळात इरावतीबाई कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून भारतातल्या नातेसंबंधांवरचे आपले पुस्तक लिहीत होत्या. ते १९५३ साली आले. बाईंनी बर्लिनला जाऊन ही विद्या आणली, तीही वंशवाद्यांच्या घरातून, आणि कवट्यांच्या मापांवरून वंशाची श्रेष्ठता सिद्ध होत नाही असे तिथेच लिहून दाखवले. दक्षिणेतल्या मातृवंशीय घरांविषयी त्यांनी लिहिले ते गावोगाव फिरून, वंशावळ्या मांडून. दोघांची पुस्तके शेजारी ठेवली की एकाच विषयाकडे पाहायच्या दोन तऱ्हा कळतात.

१९६१ मध्ये एहरनफेल्स युरोपला परतला. पण ऑस्ट्रियात नव्हे. जर्मनीत, हायडेलबर्गला, तिथल्या दक्षिण आशियाविषयक अभ्यासात त्याने उरलेली वर्षे काढली आणि १९८० मध्ये तो तिकडेच वारला. हायडेलबर्गच्या याच दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर होते. ते कोणाच्या भीतीने आले नव्हते, आपल्या ओढीने आले. धनगरांच्या वाड्यांवर राहिले, ओव्या उतरवून घेतल्या, जेजुरीच्या खंडोबाचा माग काढत कर्नाटकातल्या मैलारापर्यंत गेले. बिदरजवळ खानापूरला मैलार मल्लण्णाचे जुने ठाणे आहे. तिथे मराठी भक्त 'येळकोट' म्हणतात आणि कानडी भक्त 'एळुकोटी' म्हणतात, आणि भंडारा दोघांच्याही कपाळी सारखाच असतो.